कडू आक्काचा पहिला डंख

आक्का चिमटीत मधमाशी धरून काडेपेटीत घालत होती. एक घातली, काडेपेटी बंद केली, कानाशी धरून हलवली. मान डोलावली. मग त्या काडेपेटीला लाल दोरा गुंडाळला आणि ती वेगळ्या खिशात टाकली. नुकतं उजाडत होतं. आवारात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून हातात हातमोजे होते. फाटक वाजल्यासारखं वाटलं तशी तिनं दोन्ही हातमोजे असे ओरबाडून काढले की जणू त्यांना आग लागली होती.

कुणी नव्हतं. कुत्रं होतं.

भिंतीपलीकडच्या खिडकीत एक बाई शिवणाच्या मशीनवर बसून सुईत दोरा ओवत होती. निदान बाहेरून तसंच दिसत होतं. दोरा कधीचाच ओवून झाला होता. ती आक्काकडं बघत होती.

ही आक्काची धाकटी जाऊ. गल्लीत तिला नाटकी म्हणतात. खरं नाव आहे, पण ते आता फक्त मशीनच्या गॅरंटी कार्डावर. गिऱ्हाईकसुद्धा म्हणतं, "पॅन्ट नाटकीकडं टाकलीय, संध्याकाळी घेऊन ये." ती नाटकी आहे असं ज्यांना अजून वाटतं त्यांनी पुढचं नीट ऐकावं आणि मग बोलावं.

आक्कालाही नाव होतं, पण तिला सगळे कडू आक्का म्हणायचे. तोंडावर आक्का, पाठीमागं कडू. अख्खं आयुष्य मध विकला आणि जिभेला एक थेंब लागला नाही. नवरा गेला तेव्हा मागं माश्यांच्या सहा पेट्या ठेवून गेला होता, त्यातल्या दोन रिकाम्या. आक्कानं त्याच्या बेचाळीस केल्या. मध विकायची, मेण सुताराला आणि चांभाराला द्यायची, फुलांच्या दिवसांत पेट्या बागांमध्ये नेऊन ठेवायची. घर एकच होतं. मधे भिंत घातली, इकडं मशीन, तिकडं मधाचे डबे. मागचं आवार आक्काच्या वाट्याचं. पुढच्या दारचा नळ तेवढा सामायिक राहिला, कारण नळाच्या मधून भिंत घालता येत नाही.

पण आक्काचा खरा तोरा माश्या पाळायला शिकवायच्या क्लासचा. दर तीन महिन्यांनी नवी बॅच. आठ-दहा माणसं, आठ रविवार. "आक्काकडं शिकलोय" म्हटलं की समोरचा जरा सरळ बसायचा. क्लासला येताना अत्तर नको, काळे कपडे नकोत, आदल्या तासात केळं खायचं नाही. माशी डंख मारते तेव्हा केळ्यासारखा वास सुटतो आणि बाकीच्या धावून येतात. हे सगळं ठीक. पण पहिल्या दिवशी पहिला डंख. ही आक्काची स्वतःची रीत, दुसरीकडं कुठं नाही. टेबलावर काडेपेट्या मांडलेल्या, प्रत्येकीत एक जिवंत माशी. आधी आक्का स्वतःच्या मनगटावर घेणार. मग रांगेनं एकेकानं घ्यायचा. ओरडला तो घरी.

"हात मागं घेतलास तर पायही मागं घे. फाटक तिकडं आहे," असं म्हणायची. रडलेल्या माणसाला हाकलताना तिचा चेहरा खुलायचा. खोटं कशाला बोला.

नऊ वर्षांपूर्वी तिनंच जावेला म्हटलं होतं, "चल, तू पण शीक. मशीन चालवून चालवून डोळे घालवशील." जाऊ गेली. घरचं माणूस म्हणून रांगेत पहिली उभी राहिली. डंख घेतला, हूं की चूं केलं नाही. आक्कानं नखानं काटा खरवडून काढला आणि सगळ्यांना दाखवला. पाच मिनिटांत जावेचे तळहात खाजायला लागले. मग ओठ जाड झाले. ती खाली बसली आणि म्हणाली, "आक्का, घशात काहीतरी होतंय."

दहा माणसं बघत होती. आक्का म्हणाली, "उठ. नाटक पुरे. घरच्यांनीच असं केलं तर बाहेरचे काय शिकणार?"

दहाच्या दहा हसली. जाऊ फाटकापर्यंत गेली, तिथं ओकली, तिथंच पडली. शेजारच्या रिक्षावाल्यानं उचलून नेली. दोन दिवस दवाखान्यात. आक्का बघायला गेली नाही. जाऊ घरी आली तर नळावर आक्का हंडा भरत होती. म्हणाली, "आलीस का? संपला खेळ?"

तेव्हापासून नाटकी. पोरांनी उचललं, गिऱ्हाइकांनी उचललं. नवरा बसवर ड्रायव्हर, आठ दिवसांनी एकदा घरी यायचा. तोही म्हणाला, "वहिनी उगाच बोलायची नाही. तू जरा जास्तच करतेस." डॉक्टरनं सांगितलं होतं, पुढचा डंख बसला तर वेळ मिळणार नाही. त्यानं पेनासारखं एक इंजेक्शन दिलं. ते दरवर्षी नवं घ्यायचं आणि पिशवीत नाही, अंगावर ठेवायचं. म्हणून तिनं आपल्या प्रत्येक कपड्याला आतून एक लांबट खिसा शिवला. खिडक्यांना जाळी मारली. आवारात पाऊल टाकलं नाही.

पण कानाला कुठं जाळी मारता येते? क्लास खिडकीखालीच भरायचा आणि आक्काचा आवाज असा की बहिऱ्यालाही धडा पाठ व्हावा. नऊ वर्षं, चौतीस बॅचा. मशीन चालवता चालवता जाऊ सगळं शिकली. राणी कशी ओळखायची, धूर किती द्यायचा, उपाशी पेटीला साखरपाणी कधी ठेवायचं. आक्काच्या आधी आक्काचं वाक्य तिच्या तोंडात यायचं. एकाही पेटीला हात न लावलेली ती सगळ्यात जुनी विद्यार्थिनी.

तिला आक्काकडून एकच गोष्ट हवी होती. चारचौघांत म्हणावं, ते नाटक नव्हतं. बास. माफी नको, गळ्यात पडणं नको. तीन शब्द. त्या शब्दांसाठी ती नऊ वर्षं थांबली होती आणि अजून नऊ थांबली असती.

मग आक्काच्या पोटाचं ऑपरेशन झालं.

पाच महिने पेट्यांकडं जायला बंदी. पेट्या जुन्या विद्यार्थ्यांनी सांभाळल्या. सहाव्या महिन्यात आक्का परत कामाला लागली आणि त्याच दुपारी भिंतीपलीकडून ओकल्याचा आवाज आला. मग खोकला. मग भांडं पडल्याचा आवाज. जाऊ मशीन थांबवून ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी नळावर आक्काच्या डोळ्यांच्या सुजून फटी झालेल्या, ओठ जाड आणि आवाज घोगरा.

"आवाज बसलाय तुमचा," जाऊ म्हणाली.

"मिरच्या भाजल्या काल."

"ओठांनी भाजल्या का?"

आक्कानं हंडा आपटला आणि गेली.

आयुष्यभर डंख खाणाऱ्या माणसाचं असं होतं कधी कधी. मधे खंड पडतो आणि परत पहिली माशी चावते तेव्हा अंग उलटतं. आक्कानंच हे क्लासमध्ये सांगितलं होतं, सातव्या रविवारी, हसत हसत, कुणातरी दुसऱ्या माणसाची गोष्ट म्हणून.

आता बघू काय करते, असं म्हणून जाऊ पुढच्या बॅचची वाट बघत बसली. बॅच आली. पहिला दिवस. आक्कानं डंख घेतला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, क्लास पुढं गेला. संध्याकाळी ओकल्याचा आवाज नाही, खोकला नाही. जाऊ चक्रावली. तीन महिन्यांनी पुढची बॅच, परत तेच. काहीतरी चुकत होतं, पण काय ते तिला रात्रंदिवस सापडेना. मग एकदा बटण लावता लावता सापडलं. एक वाक्य गायब होतं. डंख घेतल्यावर आक्का मनगट पुढं करून म्हणायची, "हा बघा काटा, अजून धडधडतोय." माशी उडाली तरी तिचा काटा कातडीत राहतो आणि थोडा वेळ विष सोडत राहतो. ते वाक्य बत्तीस बॅचांना ऐकू आलं होतं. शेवटच्या दोन बॅचांना नाही.

काटा नव्हता म्हणून दाखवला नाही. आणि काटा फक्त एकाच माशीला नसतो. नराला.

नर माशी जाडजूड, मोठ्या डोळ्यांची, आवाज दणदणीत आणि डंख शून्य. नवशिक्याला फरक कळत नाही. नरांचा धडा पूर्वी दुसऱ्या रविवारी असायचा. आता तो आठव्या रविवारी गेला होता.

पण नर वर्षभर कुठून आणायचे? फुलं संपली की कामकरी माश्या नरांना ओढून पेटीबाहेर टाकतात, फुकट खाणाऱ्याला कोण पोसणार? फक्त एका घरात त्यांना ठेवून घेतात. ज्या पेटीत राणी नाही तिथं. म्हणून आक्कानं तुतीच्या झाडाखालच्या पेटीतली राणी स्वतःच्या बोटांनी चिरडली. माश्या नवी राणी करायला जातात, त्यासाठी शेंगदाण्याच्या टरफलासारखं घर बांधतात. आक्का दर आठवड्याला ते घर मोडायची आणि पेटी मरू नये म्हणून दुसऱ्या पेटीतली अळ्यांची एक फ्रेम आत सरकवायची. मरू द्यायची नाही, जगूही द्यायची नाही. बिनराणीच्या पेटीचा आवाज वेगळा येतो. गुणगुण नसते, एक लांब हुंदक्यासारखं काहीतरी असतं. जाऊ कित्येक महिने तो आवाज ऐकत होती आणि तिला वाटायचं, पेटी आजारी आहे.

आणि आज पहाटे तिनं लाल दोरा बघितला होता.

तिनं आक्काला संधी दिली. हे नमूद करून ठेवा, कारण पुढं लोक ते विसरले. बॅच भरायला दोन तास असताना ती नळावर गेली.

"आक्का, हातमोजे झिजलेत तुमचे. जाड शिवून देऊ का?"

आक्काचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "तुझ्या हातचे मोजे घालण्यापेक्षा हात तोडून टाकीन."

"एक वाक्य बोला, मी तोंड शिवून घेते. शिवणं धंदाच आहे माझा."

"कुठलं वाक्य?"

"नऊ वर्षांपूर्वी चारचौघांत जे बोललात ना, ते चारचौघांतच परत घ्या."

आक्कानं भरलेला हंडा कमरेवर घेतला. नळ वाहत होता. मग म्हणाली, "नाटकीला नाटकी नाही म्हणायचं तर काय महाराणी म्हणायचं?" आणि नळ बंद न करता निघून गेली.

झालं. तिथं ठरलं.

दहा वाजता आवारात आठ माणसं उभी होती. एक रिटायर झालेला पोस्टमन, कोपरापर्यंत बाह्या दुमडून शाळेतल्या पोरासारखा ताठ. एक रोपांची नर्सरी चालवणारा, सतत विनोद करणारा, त्याचा टेम्पो बाहेर लावलेला. बाकीचे सहा नेहमीचे, भीती लपवत हसणारे. टेबलावर दहा काडेपेट्या, आठ त्यांच्या आणि दोन जास्तीच्या. अकरावी, लाल दोऱ्याची, आक्काच्या हातात.

फाटक वाजलं आणि जाऊ आत आली. नऊ वर्षांनी.

"मला पण शिकायचंय," ती म्हणाली. "नाव लिहून घ्या. नाटकी लिहा, सगळे तेच म्हणतात."

नर्सरीवाला फिस्सकन हसला. आक्का हसली नाही. "घरी जा."

"का? जागा आहे, काडेपेट्या आहेत." जावेनं टेबलावरची एक उचलली आणि कानाशी धरली. बारीक, धारदार आवाज. कामकरी माशी.

"ठेव ती खाली."

"आधी शिकले होते की एक दिवस. बाकीचे सात राहिलेत."

"सांगते ना ठेव!" आक्का टेबलाला वळसा घालून आली आणि तिच्या हातातली काडेपेटी हिसकायला लागली. जाऊ मागं सरकली. टरकली, जावेच्या मनात आलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा कडू आक्का टरकली. इतकं बरं वाटलं तिला की त्याची लाज वाटायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

"एक करू," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अदलाबदल करू. माझी तुम्ही घ्या, तुमची मला द्या. गुरूच्या हातची माशी मिळू दे की मला."

"घ्या हो आक्का," नर्सरीवाला म्हणाला. "माशी ती माशी. घरातल्या घरात कशाला भांडताय?"

जाऊ पुढं वाकली आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "किंवा बोला. तीन शब्द आहेत. मी आत्ता घरी जाते."

आक्का नुसती बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत काय होतं ते जावेला वाचता आलं नाही. राग असणार, दुसरं काय.

"नाही देत? मग मी हीच लावते," जाऊ म्हणाली आणि काडेपेटी मनगटावर उपडी धरून बोटानं सरकवायला लागली. "होऊन होऊन काय होणार? नाटकच तर होईल."

काडेपेटी अर्धी उघडली असेल नसेल, आक्कानं झडप घातली. ती पेटी ओढून घेतली, लाल दोऱ्याची तिच्या हातात कोंबली, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत ओढलेली स्वतःच्या मनगटावर उपडी करून चापट मारली.

डंख बसल्याचा आवाज होत नसतो. तरी जावेला तो ऐकू आल्यासारखं झालं.

तिला हे नको होतं. आक्का नाही म्हणेल, लोक विचारतील का, ती त त प प करेल आणि तिचं पितळ उघडं पडेल, एवढंच तिनं ठरवलं होतं. ही बाई घेईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

आक्कानं मनगट पुढं केलं. "हा बघा काटा," ती म्हणाली, "अजून धडधडतोय." नखानं खरवडला. "चल, आता तू. घे."

जावेनं लाल दोरा सोडला. नर तिच्या मनगटावर गुदगुल्या करत चालला आणि भुर्रकन उडून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोस्टमन म्हणाला, "वा, बाई! हूं नाही की चूं नाही!" नऊ वर्षांनी ती पास झाली होती. नराच्या गुदगुल्यांवर.

रांग पुढं सरकली. पहिला. दुसरा. तिसऱ्याला आक्कानं डोळ्यांत पाणी आलं म्हणून झापलं. जाऊ तिच्या हातांकडं बघत होती. तिसऱ्याला झापता झापता आक्का तळहात कमरेवर घासत होती. चौथ्याशी बोलताना शब्द जाड झाले, तोंडात काहीतरी धरल्यासारखे. नर्सरीवाल्यापाशी येऊन ती थांबली. "धुराचा डबा आणते," म्हणाली आणि कोठीच्या खोलीकडं गेली. सरळ चालत गेली. पडवीच्या खांबाला हात लावला तेवढाच.

जाऊ मोजत होती. तिला सगळं माहीत होतं ना, कशानंतर काय येतं. ती मोजून तीस आकडे थांबली आणि मग गेली.

खोलीत मेणाचा वास, रिकाम्या फ्रेमांची चळत, मधाचे डबे. आक्का डब्यांना पाठ टेकून जमिनीवर बसली होती. ओठ दुप्पट. मानेवर लाल चट्टे. श्वास शिट्टीसारखा.

जावेनं आतल्या खिशातून इंजेक्शन काढलं, टोपण काढलं आणि तिच्यासमोर बसली.

"म्हणा."

आक्कानं सुजलेलं मनगट पदराखाली घेतलं.

"तीन शब्द. मी लगेच टोचते. ते नाटक नव्हतं. म्हणा."

शिट्टी बारीक झाली. आक्काला बोलता येत होतं की नाही कोण जाणे. पण मान हलवता येत होती. आणि तिनं मान हलवली. आडवी. नाही.

"म्हण गं!" जाऊ किंचाळली. उभ्या आयुष्यात तिनं थोरल्या जावेला अगं-तुगं केलं नव्हतं. "मरतेयस तू! आता तरी म्हण!"

आक्कानं पाय लांब केला. जावेला वाटलं लाथ मारते. तिनं पायानं दार ढकलून लावून घेतलं. बाहेरच्यांना दिसू नये म्हणून.

किती वेळ गेला? एक मिनिट म्हणा. दीड म्हणा. घसा बंद होतानाचं एक मिनिट किती मोठं असतं ते या गल्लीत एकाच बाईला माहीत होतं, आणि तीच हातात औषध धरून बसली होती. हे झालं. ते नाकारून उपयोग नाही. आक्काचे ओठ राखेसारखे झाले, डोळे वर गेले, तेव्हा जावेनं मुठीत इंजेक्शन धरून तिच्या मांडीत कपड्यावरूनच खुपसलं.

"माझ्या हातून नको मरूस," ती म्हणाली. "मग मला काय काय म्हणतील."

दार उघडून ओरडली तर आठही जण हसत उभे. पोस्टमननं विचारलं, "हा पण धड्याचा भाग का?"

"नाटक नाहीये हे!" जाऊ ओरडली. "टेम्पो काढा! नाटक नाहीये!"

ते शब्द आले. आले ते तिच्याच तोंडातून, दुसऱ्याच बाईसाठी.

आक्का वाचली. चार दिवस नळ्या लावून पडली होती. डॉक्टरनं सगळ्यांसमोर सांगितलं की आता माशी म्हणजे विष. बॅच मोडली. पहिल्या डंखाची रीत बंद झाली. पोस्टमन तेवढा चिकटून राहिला. आता तो पेट्या उघडतो आणि आक्का पडवीत जाळीआड खुर्ची टाकून त्याला शिव्या घालते. तुतीखालच्या पेटीला राणी दिली.

आणि जावेचं काय? नर्सरीवाल्यानं गावभर केलं की नाटकीनं काडेपेटी बदलून थोरल्या जावेला मारायचा घाट घातला. खोटं कसं म्हणणार, आठ जणांनी बघितलं होतं. इंजेक्शनचं कुणी बघितलं नव्हतं. ते आक्काला माहीत होतं, आणि आक्का बोलली नाही. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. नवरा घरी आला, तिनं भरलेला जेवणाचा डबा उघडून बघितला, म्हणाला, "यात काय घातलंयस ते आधी तू खा." ते चेष्टेनं म्हणाला असेल. डबा मात्र तिथंच ठेवून गेला.

दवाखान्यातून आल्यावर आक्का नळावर पहिल्यांदा भेटली. काठी टेकत आली होती. जावेनं तिचा हंडा नळाखाली सरकवला.

"मांडीला भोक पाडलंस," आक्का म्हणाली. "शिवताना तरी सरळ टोचतेस का, नाटके?"

एवढंच. नंतर दोन वर्षं तेही नाही.

दोन वर्षांनी एक म्हातारा पॅन्ट आखूड करायला आला. सरकारी दवाखान्यातला जुना कंपाउंडर, रिटायर झालेला, बारीक झाल्यामुळं सगळ्या पॅन्टी लोंबायला लागलेल्या. जाऊ त्याच्या पायाशी बसून टाचण्या लावत होती. त्यानं तिला निरखून बघितलं.

"तुम्हीच ना त्या? माशी चावलेल्या? अकरा-बारा वर्षं झाली असतील. रिक्षातून आणलं होतं तुम्हाला."

"मीच. का?"

"नशीब तुमचं. तुम्ही आलात तेव्हा तुमची नाडी लागत नव्हती. सुई भरायला वेळ गेला असता तर संपलं होतं. आधीच भरून ठेवलेली म्हणून."

"आधी कशी भरली? तुम्हाला काय स्वप्न पडलं होतं?"

"फोन आला होता ना," कंपाउंडर म्हणाला. "बाई होत्या कुणीतरी. आवाज असा की रिसीव्हर कानापासून लांब धरावा. म्हणाल्या, माझी जाऊ येतेय, तिचा घसा खरोखरच बंद होतोय, ती दारात यायच्या आत सुई भरलेली पाहिजे. नाहीतर म्हणे, माश्यांची पेटी आणून तुझ्या टेबलावर उघडीन."